पुंगळीला तेल लावावं की नाही

पिस्तुलाच्या गोळीची रिकामी पुंगळी पुन्हा भरताना तिला तेल लावायची गरज नसते. हे मी आजही छातीठोकपणे सांगेन. रायफलच्या पुंगळीला लागतं, कारण ती वर निमुळती होते आणि कोरडी घातली तर साच्यात रुतून बसते. पिस्तुलाची सरळसोट असते. साचा कार्बाइडचा, म्हणजे अतिशय कठीण धातूचा, असला तर कोरडी आत जाते, कोरडी बाहेर येते. म्हणजे मी बरोबर होतो. बरोबर असण्याचा मला लहानपणापासून नाद आहे, आणि त्या नादापायी मी एका म्हाताऱ्या माणसाचं घर घालवलं. ते कसं घालवलं, तेवढंच इथे सांगायचं आहे.

ते काका माझे नात्याने कोणी नव्हेत. अमेरिकेत, चँडलरमध्ये, आमच्या तीस वर्षं आधी आलेले, आता रिटायर झालेले सर्जन. बायको जाऊन दोन-तीन वर्षं झालेली, एकुलती एक मुलगी लांब न्यू जर्सीत, पिस्कॅटवेला. गावातल्या झाडून सगळ्या मराठी लोकांचे ते काका होते. पोरांच्या तापापासून कुठल्या भागात घर घ्यावं इथपर्यंत सगळं त्यांना विचारायचं, आणि त्यांनी आधी आपल्याला चारचौघांत मूर्ख ठरवून मग अचूक उत्तर द्यायचं, अशी रीत होती. मी २००१ साली चिप बनवणाऱ्या एका कंपनीत आलो. पहिल्याच भेटीत त्यांनी विचारलं, "कुठला? नागपूर? असू दे. शिकशील बोलायला हळूहळू." सगळे हसले. मीही हसलो.

काकांना नेमबाजीचा शौक होता. आठवड्यातून एकदा रेंजवर जायचं, दोनेकशे गोळ्या उडवायच्या, रिकाम्या पुंगळ्या वाकून वाकून वेचायच्या आणि घरी आणून पुन्हा भरायच्या. गोळी सुटली की तिची पितळी पुंगळी मागे राहते, ती दाबाने फुगलेली असते. ती प्रेसमध्ये उभी करून दांडा खाली ओढला की वरच्या साच्यात दाबली जाऊन मूळ मापाला येते. मग नवा प्रायमर, म्हणजे ठिणगी पाडणारी बुडाची टोपी, नवी दारू, नवं शिसं. गॅरेजच्या एका भिंतीला त्यांनी हे सगळं बसवलं होतं, ऑपरेशन थिएटरच्या टापटिपीने. तिथे रेडिओ नाही, गप्पा नाहीत, चहाचा कपसुद्धा आत न्यायचा नाही.

मला तेव्हा आत जायची परवानगी नव्हती. माझ्यासारख्या कामाच्या व्हिसावर आलेल्या माणसाने पिस्तुलाला हात लावायचा नाही हा इथला कायदा, आणि काका म्हणत, रिकामी पुंगळीसुद्धा कायद्याच्या लेखी दारूगोळाच. त्यांनी फरशीवर पिवळी चिकटपट्टी मारली होती. पट्टीच्या अलीकडे आम्ही दोघंतिघं हाताची घडी घालून उभे राहायचो आणि पलीकडे ते एकटे काम करायचे. माझा पाय एकदा चुकून पट्टीवर पडला तर म्हणाले, "मागे हो. पाहुणा आहेस, पाहुण्यासारखा राहा." तीन वर्षं मी तिथे तसा उभा राहिलो. का राहिलो? त्या गावात त्यांच्यासारखं काम नीट करणारं दुसरं कोणी मी पाहिलं नव्हतं, हे एक कारण असावं.

२००३च्या जुलैत माझे वडील गेले. माझे ग्रीन कार्डाचे कागद अशा टप्प्यावर होते की देशाबाहेर पडलो तर परत येता येईल की नाही, ते वकिलालाही सांगता येईना. तिकीट काढलं होतं, ते कॅन्सल केलं. धाकट्या भावाने अग्नी दिला. तेराव्याच्या दिवशी काकांकडे कोणाचा तरी वाढदिवस होता. घरात एकट्याला बसवेना म्हणून मी गेलो. मी प्लेट हातात घेत होतो तेवढ्यात काका सगळ्यांसमोर म्हणाले, "याने बाप दिला आणि कार्ड घेतलं. एक्सचेंज ऑफर."

कोणी हसलं नाही, एवढीच दया. मी प्लेटमधले दोन्ही बटाटेवडे संपवले, प्लेट टाकली आणि गाडीत जाऊन बसलो. गाडी सुरू करायला मला बराच वेळ लागला.

पुढच्या वर्षी कार्ड आलं. मी पेढे घेऊन त्यांच्याकडे गेलो. त्यांनी एक पेढा तोंडात टाकला, पट्टीकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, "ये आत." मला त्या माणसाचा मनस्वी राग होता, आणि त्याने ये म्हटल्याबरोबर माझे डोळे भरून आले. स्वतःचा इतका संताप मला आयुष्यात क्वचितच आला असेल.

तेव्हापासून दर शनिवारी सकाळी मी त्यांच्या गॅरेजमध्ये. ते शिकवायचे उत्तम. प्रत्येक कृतीमागचं कारण सांगायचे आणि मी ती चुकवली की अपमान करायचे. एका गोष्टीचं कारण मात्र त्यांना धड देता येत नसे, आणि ती गोष्ट म्हणजे तेल. लॅनोलिन, म्हणजे मेंढीच्या लोकरीतला मेणचट पदार्थ, ते अल्कोहोलमध्ये मिसळत. पुंगळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून त्यावर ते फवारायचं, पिशवी हलवायची, वाळू द्यायचं, मग प्रेस. आणि दाबून झाल्यावर ते तेल काढण्यासाठी सगळ्या पुंगळ्या पुन्हा धुवायच्या, कारण तेल प्रायमरपर्यंत गेलं तर गोळी फुसकी निघते.

"काका, साचा कार्बाइडचा आहे," मी म्हणालो. "लूब लागतच नाही. पुस्तकात लिहिलंय."

"पुस्तक लिहिणाऱ्याने एका बैठकीत दोनशे ओढल्या नसतील."

"पण आपण एकच काम दोनदा करतोय. लावायचं कशाला आणि धुवायचं कशाला?"

"टाके घालायचे आणि आठ दिवसांनी काढायचे. तेही दोनदाच करतात. डॉक्टरला शिकवतोस?"

मी गप्प बसणाऱ्यातला नव्हे. पुढच्या शनिवारी तीन पुस्तकांतली पानं छापून नेली, त्यांवर पिवळ्या रंगाने रेघा मारून. त्यांनी ती पानं प्रेसखाली तेल टिपायला पसरली. मग मी ऑफिसातून दाब मोजायचं एक साधन आणून कोरड्या आणि तेलकट पुंगळीला किती जोर लागतो याचा तक्ता केला. कोरडीला जास्त लागत होता, हे खरं, पण कोणाही धडधाकट माणसाला न जाणवण्याइतकाच. हे वाक्य मी त्यांना वाचून दाखवलं. काकांनी तक्ता उलटा करून ठेवला आणि म्हणाले, "तुझं लग्न टिकलंय याचं मला आश्चर्य वाटतं."

त्यांचा उजवा हात जात होता, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

मुलीचा दर शनिवारी अकराच्या सुमाराला फोन यायचा. हात कामात असल्याने ते स्पीकरवर घ्यायचे. ती इथेच वाढलेली, मराठी समजायची पण निम्मं इंग्रजीत बोलायची. विषय एकच. "बाबा, आर यू ओके? यू कान्ट लिव्ह अलोन. इथे खाली एक रूम रेडी आहे." ते म्हणायचे, मी दर आठवड्याला दोनशे गोळ्या भरतो, तुझ्या नवऱ्याला वीस भरून दाखवू दे. २००६च्या ऑगस्टमध्ये ती अगदी हट्टाला पेटली, तेव्हा ते ओरडले, "ऐक. ज्या दिवशी हा दांडा माझ्याच्याने ओढवणार नाही, त्या दिवशी हे घर विक. मी एक अक्षर बोलणार नाही. तोवर हा विषय बंद." ती म्हणाली, "प्रॉमिस?" ते म्हणाले, "प्रॉमिस." मी शेजारी उभा राहून प्रायमर मोजत होतो. दोन्ही बाजू मी ऐकल्या होत्या.

सप्टेंबरमधल्या एका शनिवारी मी अर्धा तास लवकर पोचलो. उन्हामुळे त्यांनी गॅरेजचं दार कमरेइतकं वर करून ठेवलं होतं. मी वाकून आत बघितलं. काका दांड्याला लोंबकळत होते. उजव्या हाताची बोटं मिटतच नव्हती, म्हणून त्यांनी मनगट दांड्यावर ठेवून वरून डाव्या हाताने धरलं होतं आणि छातीचा सगळा भार टाकून ते दांडा खाली नेत होते. तेल लावलेल्या पुंगळीवर. एक झाली की भिंतीला टेकून दम घ्यायचे, मग दुसरी. तेल लावल्याने जेवढा जोर वाचत होता, तेवढ्यावर त्यांचं घर उभं होतं.

मी मागच्या मागे गाडीकडे गेलो. दहा मिनिटांनी, दार वाजवून, हसत हसत आलो. तोवर ते स्टुलावर बसून टॉवेलने मान पुसत होते. "आज तू ओढ," म्हणाले, "मला दारूचं वजन करायचं आहे." मी ओढल्या. मला त्यांची दया यायला हवी होती, ती आली नाही. मला आनंद झाला. तो आनंद मी तीन आठवडे कोणाला न सांगता एकट्याने उपभोगला, बायकोलाही सांगितलं नाही.

खंडेनवमीला काकांच्या गॅरेजमध्ये शस्त्रपूजा व्हायची. तिथी कुठल्याही वारी असो, आमच्याकडे खंडेनवमी शनिवारीच येते. मेक्सिकन दुकानातून झेंडू आणायचा, शेजाऱ्याच्या अंगणातल्या झाडाची पानं हुबेहूब आपट्यासारखी असतात ती मागून आणायची. टेबलावर काकांचे जुने स्काल्पेल, सगळ्यांचे लॅपटॉप, गाड्यांच्या किल्ल्या, कोणाचं ड्रिल, बायकांच्या सुऱ्या. पिस्तुलं तिजोरीतच असायची, तिच्या बंद दाराला कुंकू लावायचं. प्रेसला झेंडूची माळ. आरती झाली की काका एक पुंगळी प्रेसमध्ये घालून दाबायचे, वर्षाचा मुहूर्त म्हणून, आणि सगळे टाळ्या वाजवायचे. मग श्रीखंड. त्या वर्षी मुलगी चार दिवसांसाठी आली होती. वीसेक माणसं होती.

मी एक पुंगळी खिशातून नेली होती. रेंजवरच्या ढिगातून मी ती मुद्दाम निवडली होती, नेहमीपेक्षा जास्त फुगलेली. म्हणजे मी बरोबर आहे हे सिद्ध करतानाही मला थोडी लबाडी करावी लागली. घरी ती अल्कोहोलने पुसून ठणठणीत कोरडी केली. पूजेच्या वेळी हळूच टेबलावर स्काल्पेलच्या शेजारी ठेवली. तिच्यावर हळद पडली, कुंकू पडलं, अक्षता पडल्या.

आरती झाली. काकांनी तेल लावलेल्या पुंगळ्यांच्या पिशवीत हात घातला, तेव्हा मी पूजेतली पुंगळी उचलली, रुमालाने पुसली आणि त्यांच्यापुढे धरली.

"काका, मुहूर्त पूजेतल्या पुंगळीनं करा."

"आण. तेल लावतो."

"पूजेतल्या वस्तूला मेंढीची चरबी लावणार?"

मी हे अगदी साळसूदपणे म्हणालो. एक काकू लगेच म्हणाल्या, "अगंबाई, खरंच की." मागून कोणीतरी ओरडलं, "काका, काडतुसाला चरबी? सत्तावन्न होईल हां!" हास्याचा मोठा फवारा उडाला. लॅनोलिनसाठी मेंढी मारत नाहीत, लोकर धुतात, हे काकांना ठाऊक होतं आणि मलाही ठाऊक होतं. पण वीस माणसं हसत असताना ते कोणाला समजावणार? आयुष्यभर त्यांनी हेच हत्यार वापरलं होतं. ते उलट्या बाजूने कसं लागतं, ते त्यांना त्या दिवशी कळलं असावं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग पुंगळी घेतली, प्रेसमध्ये उभी केली आणि उजव्या हाताने दांडा धरला, निदान धरल्यासारखं केलं. दांडा अर्ध्यावर आला आणि थांबला. त्यांनी डावा हात लावला. दोन्ही कोपरं थरथरायला लागली. लोक आधी गंमत समजून "जोर लगा के" करत होते, मग एकेक जण गप्प झाला. काकांनी छाती दांड्यावर टाकली. माळेतला झेंडू त्यांच्या सदऱ्याखाली चुरगळला. पुंगळी अर्धी साच्यात, अर्धी बाहेर. त्यांच्या घशातून एक बारीक आवाज आला, तो मला अजून ऐकू येतो.

"बाबा," मुलगी म्हणाली. "बाबा, स्टॉप. प्लीज स्टॉप."

ते थांबले नाहीत. तेव्हा मी पुढे झालो, त्यांना खांद्याने बाजूला केलं आणि दांडा खाली ओढला. एका हाताने. ते करायची काही गरज नव्हती. मुलीने बघायचं ते बघितलं होतं, सगळ्यांनीच बघितलं होतं. पण मी ओढला, कोरडी पुंगळी बाहेर काढली, तर्जनी आणि अंगठ्यात धरून वर दाखवली आणि म्हणालो, "बघा. लागत नाही तेल."

टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत. काकांनी सदऱ्यावरच्या पाकळ्या झटकल्या आणि "श्रीखंड वाढा" म्हणाले. जेवताना त्यांनी चमचा डाव्या हातात धरला. इतके दिवस लपवलेलं ते आता त्यांनी लपवायचं सोडून दिलं होतं.

निघताना मुलगी माझ्या गाडीपाशी आली. डोळे लाल होते. "थँक यू," म्हणाली. "इथे सगळे त्यांना घाबरतात. कोणीच मला खरं सांगत नव्हतं. त्या हातांनी ते गनपावडर मोजत होते, माय गॉड. यू सेव्ह्ड हिम." मी म्हणालो, "मला काळजी वाटत होती." हे मी म्हणालो, आणि ते म्हणताना माझा आवाजही भरून आला. पुढे कित्येकांना मी तीच गोष्ट तशीच सांगितली. गनपावडर हा मुद्दा खरा होता, त्यात खोट काढता येत नाही. फक्त मी ते त्यासाठी केलं नव्हतं.

काकांनी शब्द पाळला. एक अक्षर बोलले नाहीत. पिस्तुलं रेंजवरच्या ओळखीच्या माणसाने नेली, प्रेस भिंतीवरून निघाला, डिसेंबरात घराला गिऱ्हाईक मिळालं. जानेवारीत मुलीचा मला फोन आला. तारीख ठरली होती, पण ती त्यांना सांगायचा तिला धीर होत नव्हता. "तुमचं ते ऐकतात," म्हणाली. मला नाही म्हणता आलं असतं. मी गेलो.

सकाळची वेळ होती. काका स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसले होते, समोर चहा, कपात स्ट्रॉ. गालावर दाढीचे पांढरे खुंट जागोजागी राहिलेले. मी समोर बसलो आणि इकडचं तिकडचं बोलायला लागलो.

"तारीख सांगायला आलायस ना?" ते म्हणाले.

मी मान खाली घातली.

"खाली बघू नकोस. ऑपरेशन फसलं की मी बाहेर येऊन नातेवाइकांना सांगायचो. तीस वर्षं सांगितलं, आणि दर वेळी त्यांच्या बुटांकडे बघून. भेकड होतो. तू माझ्याकडे बघून सांग."

मी वर बघितलं. "पंधरा तारखेला ट्रक येणार आहे, काका."

"बरं." त्यांनी स्ट्रॉने चहा घेतला. घोट नीट गिळला जाईपर्यंत थांबले. "आता आणखी एक. असंच बघून सांग. त्या दिवशी तुला माझ्या हाताचं माहीत होतं?"

मी नाही म्हणू शकलो असतो. त्यांना तपासायला काही मार्ग नव्हता. एका शब्दाचं काम होतं, आणि तो खोटा शब्द ही मी त्यांना देऊ शकणारी एकमेव चांगली गोष्ट होती. पण मला खरं बोलायची, बरोबर असायची खोड.

"होतं," मी म्हणालो. "तीन आठवड्यांपासून."

त्यांनी कप बाजूला सारला. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. मी राग शोधत होतो, मला तो हवा होता.

"मला वाटत होतं, तुला माहीत नव्हतं," ते म्हणाले. "पोराने वादाच्या भरात केलं, असं मी धरून चाललो होतो. तेवढ्यावर मी जायला तयार झालो होतो."

मग ते उठले, भिंतीला धरत धरत आतल्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. मी कप विसळून ठेवला आणि निघालो. पंधरा तारखेला ट्रक आला तेव्हा मी ऑफिसात होतो. रजा मिळाली असती. मी मागितली नाही.